ध्रुवाजवळच्या हवेतला नायट्रोजन मोजायचाय? आधी शून्य सांभाळा

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, आर्क्टिकला एनओएक्सचं यंत्र न्यायचंय, काय काय लागेल?" एनओएक्स म्हणजे हवेतली नायट्रोजनची ऑक्साइडं. सगळ्यांना यादी हवी असते. पंप कुठला, नळी किती मीटर, सिलिंडर किती लिटरचा. यादी मी देते, पण त्याआधी एकच विचारते: शून्य कसं घेणार, म्हणजे हवेत मोजायचं काहीच नसताना यंत्र जे दाखवतं ते कसं ठरवणार? यावर जे गप्प होतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी यंत्रं सांभाळणारी. पेपर इतरांनी लिहिले, नळ्या मी जोडल्या. सुरुवात पुण्यातल्या चौकांतल्या प्रदूषणमापकांपासून झाली. भर गर्दीच्या चौकात एनओएक्स सहज 50 पीपीबीच्या वर जातो, म्हणजे अब्ज रेणूंमागे 50. आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या स्वच्छ हवेत हाच आकडा 10 ते 50 पीपीटी असतो, आणि पीपीटी म्हणजे एक लाख कोटी रेणूंमागे एक. हजारपटीहून जास्त फरक झाला. चौकात यंत्राचं शून्य अर्धा पीपीबी सरकलं तर रिपोर्ट वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तिकडे तेवढ्या सरकण्यात जे मोजायला गेलो तेच बुडून जातं. शहरातली सवय घेऊन तिकडे गेलात तर हिवाळाभर स्वतःच्याच यंत्राचा आवाज मोजून परत याल.

मोजायचं कोणाला, हे थोडक्यात. एनओ (नायट्रिक ऑक्साइड) आणि एनओ-टू (नायट्रोजन डायऑक्साइड) मिळून एनओएक्स. या दोघांपासून पुढे तयार होणारं नायट्रिक आम्ल, नायट्रस आम्ल, पॅन (पेरॉक्सीॲसिटाइल नायट्रेट), एन-टू-ओ-फाइव्ह, सेंद्रिय नायट्रेटं, धूलिकणांवरचं नायट्रेट हे सगळं एनओएक्ससकट धरलं की एनओवाय. हवेतला 78 टक्के नायट्रोजन वायू यात नाही, आणि नायट्रस ऑक्साइडही नाही, कारण खालच्या हवेत ते दोघं कुणाच्या अध्यात ना मध्यात. उरलेली मंडळी मात्र उपद्व्यापी. ओझोन तयार होणार की नष्ट होणार हे एनओएक्सच्या चिमूटभर प्रमाणावर ठरतं, आणि शेवटी नायट्रेट होऊन खाली पडलं की टुंड्रातल्या गवताला ते खत.

जागा

मी बोलतेय ती जागा नी-ओलेसुंड. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यावर, 79 अंश उत्तरेला, कोंग्सफ्योर्ड या खाडीच्या काठी. पूर्वी कोळशाच्या खाणीचं गाव, आता संशोधकांचं. भारताचं हिमाद्री केंद्र इथे 1 जुलै 2008 ला सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यातून चालतो, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. तेव्हा मराठी मुलामुलींना ही जागा वाटते तेवढी लांबची नाही. आर्क्टिक मोहिमेसाठी प्रस्ताव मागवले जातात तेव्हा लक्ष ठेवा.

हवा स्वच्छ म्हणून गेलो, पण गाव स्वच्छ असेलच असं नाही. वीज डिझेल जनरेटरची. हिवाळ्यात स्नोस्कूटर, उन्हाळ्यात फ्योर्डात प्रवासी जहाजं. जड इंधन तेल जाळायला स्वालबार्डच्या सागरी हद्दीत 2022 पासून बंदी आहे. त्याने काजळी आणि गंधक कमी झालं, पण इंजिन म्हटलं की एनओ आलाच. म्हणून यंत्राची खोली ठरवताना नकाशावर आधी जनरेटर, धक्का, विमानाची धावपट्टी आणि स्कूटरची वाट अशा खुणा करा, मग वर्षभराचे वारे त्यावर टाका. ज्या दिशांनी गावाची हवा तुमच्या नळीकडे येते, तो पट्टा लाल पेन्सिलीने आखून ठेवा. त्या पट्ट्यातून वारा असताना आलेला प्रत्येक आकडा संशयित. हे काम जायच्या आधी घरी बसून होतं, तरी कुणी करत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

परवानगी आणि पैसा असेल तर झेपेलिन डोंगर उत्तम. 474 मीटरवर वेधशाळा आहे, वर जायला रोपवे आहे, आणि गावाचा धूर थंड हवेच्या थरात बऱ्याचदा खालीच अडकून राहतो. नसेल तर गावापासून शक्य तितकं वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला. वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलांचा धोका असतो, रायफलचं प्रशिक्षण लागतं, हे वेळापत्रकात धरा. गावात वायफाय-ब्लूटूथ चालत नाही, कारण तिथली रेडिओ दुर्बीण. म्हणजे डेटा लॉगरपर्यंत लॅनची वायर न्यायची. वायरलेस सेन्सर घेऊन आलेल्यांचे चेहरे मी पाहिलेत.

नळी

इथे थोडी घासाघीस करते, कारण निम्मा डेटा नळीतच बिघडतो.

नळी पीएफए टेफ्लॉनची, पाव इंची, आतला व्यास साधारण 4 मिलिमीटर. स्टील नको, पीव्हीसी तर अजिबात नको. आता हिशेब करा. 10 मीटर नळीत अंदाजे 125 घनसेंटिमीटर हवा मावते. यंत्र मिनिटाला दीड लिटर ओढत असेल तर हवेला आत यायला 5 सेकंद लागतात. त्या 5 सेकंदांत नळीच्या अंधारात एनओ आणि ओझोन एकमेकांना भेटतच असतात. 40 पीपीबी ओझोन आणि खोलीचं 20 अंश तापमान धरलं तर एनओ सेकंदाला जवळपास 1.8 टक्क्यांनी घटतो. म्हणजे यंत्रापर्यंत पोचेतो 8-9 टक्के एनओचा एनओ-टू झालेला असतो. वेगळा बायपास पंप लावून एकूण प्रवाह मिनिटाला 10 लिटर केलात, तर हाच वेळ पाऊण सेकंदावर येतो आणि तूट एक-सव्वा टक्का. बायपास पंप ही चैन नव्हे. उरलेली तूट ओझोनच्या आकड्यावरून दुरुस्त करता येते, पण त्यासाठी ओझोनमापक शेजारी चालू हवा. तो नसेल तर जाऊच नका.

नायट्रिक आम्लाचा प्रश्न वेगळाच. ते नळीच्या भिंतीला गुळाला मुंगळा चिकटावा तसं चिकटतं आणि तापमान बदललं की मनात येईल तेव्हा सुटतं. एनओवाय मोजायचं असेल तर कन्व्हर्टर (बाकी रसायनांचा एनओ करणारा भाग) खोलीत ठेवून बाहेरून नळीने हवा आणायची नाही. कन्व्हर्टरच बाहेर मास्टवर (खांबावर) चढवायचा, त्याच्या तोंडाशी काही सेंटिमीटरची गरम केलेली नळी, बस. एकदा आम्लाचा एनओ झाला की मग लांबची नळी चालते.

कणांसाठीचा 47 मिलिमीटरचा टेफ्लॉन फिल्टर फक्त एनओएक्सच्या नळीत. एनओवायच्या तोंडाला फिल्टर लावलात की तोच नायट्रेटचा साठा होऊन बसतो. फिल्टर बदलायचं काम दिसतं त्यापेक्षा किचकट आहे. उणे वीसला जाड हातमोज्यांत चिमटा धरता येत नाही, म्हणून वरचा मोजा काढून आतला पातळ ठेवायचा. होल्डरची रिंग एका हाताने फिरवायची. ती गारठून घट्ट बसलेली असते, जोर करायचा नाही, तळहाताच्या ऊबेत थोडा वेळ धरायची. जुन्या फिल्टरच्या कडेला बारीक पांढरी साय दिसली तर ते हिमकण, राखाडी दिसली तर गावाचा धूर. दोन्ही वहीत लिहायचं. फिल्टर बदलल्यानंतरचा तासाभराचा डेटा झेंडा (संशयिताची खूण) लावून बाजूला.

नळीचं तोंड खाली वळवा आणि त्यावर टेफ्लॉनची टोपी बसवा. तरीही हिम धरतं. धुक्याच्या रात्रीनंतर मास्टवर वाऱ्याच्या दिशेने पांढरे पिसारे उगवलेले असतात. ते हाताने, हलक्या टिचक्यांनी पाडायचे. हीटगन वापरायची नाही, तिच्या तापलेल्या तारेतूनही एनओ निघतो.

यंत्र, आणि त्याच्या पाटीवर विश्वास न ठेवणं

तत्त्व जुनंच आहे. एनओला भरपूर ओझोन दिला की उत्तेजित एनओ-टू तयार होतो आणि तो शांत होताना तांबडा-अवरक्त प्रकाश सोडतो. तो प्रकाश थंड ठेवलेल्या फोटोमल्टिप्लायरने, म्हणजे अगदी मंद प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरने मोजायचा. हे यंत्र फक्त एनओ मोजतं. बाकी सगळ्यांना आधी एनओ बनवून यावं लागतं, आणि गफलत तिथेच होते.

बाजारातल्या बहुतेक यंत्रांत एनओ-टूसाठी मॉलिब्डेनमचा कन्व्हर्टर असतो, 300 अंशांच्या वर तापवलेला. तो एनओ-टूला फोडतो, पण पॅनलाही फोडतो आणि हाती लागेल तेवढ्या नायट्रिक आम्लालाही. चौकात हे खपतं. आर्क्टिकच्या वसंतात एनओ-टू 15 पीपीटी आणि पॅन 300 पीपीटी असेल तर यंत्र 315 दाखवतं, आणि पडद्यावर पाटी असते एनओ-टूची. हा आकडा कुणी जसाच्या तसा छापला तर त्यांना मी काही बोलत नाही. फक्त त्यांचा पेपर पुढे वाचत नाही.

म्हणून एनओ-टूसाठी 395 नॅनोमीटरच्या एलईडीचा प्रकाश-कन्व्हर्टर घ्या. तोही धुतल्या तांदळासारखा नाही. एलईडी तापतात आणि आतली हवाही तापते. पॅनचं आयुष्य तापमानावर किती अवलंबून आहे पाहा: 25 अंशांना पाऊण तास, शून्य अंशाला दोन दिवस, उणे 20 ला साधारण तीन महिने. उलट बाजूला, 50 अंशांना जेमतेम सव्वा मिनिट. तुमच्या कन्व्हर्टरच्या पोटात हवा 50 अंशांवर 2 सेकंद राहिली तर अडीच टक्के पॅन फुटला. 300 पीपीटीचे अडीच टक्के म्हणजे 7-8 पीपीटी, आणि खरा एनओ-टू होता 15. कन्व्हर्टरला पाण्याने किंवा पंख्याने थंड ठेवा, आतल्या हवेचं तापमान वेगळ्या सेन्सरने नोंदवा.

एनओवायसाठी सोन्याची नळी, 300 अंश, सोबत किंचित कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन. सोनं म्हटलं की घरच्यांना वाटतं मोठा ऐवज. ऐवजच आहे, कस्टममध्ये कागद तयार ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा घ्या, पोलादी सिलिंडरमध्ये लोहाचं कार्बोनिल तयार होऊन सोन्यावर बसतं. आणि बंद खोलीत अलार्मशिवाय हा वायू उघडायचा नाही. बाहेर हिमवादळ, खिडक्या बंद, हिटर चालू, अशा खोलीत गळती कुणाला जाणवत नाही. पंपाची बाहेर सोडायची हवा कोळशाच्या स्क्रबरमधून घालवून नळीच्या तोंडापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला सोडा.

शून्य

आता मुद्द्याचं. फोटोमल्टिप्लायर काहीही नसताना मोजत असतो. शिवाय ओझोनच्या भिंतींशी होणाऱ्या प्रक्रियांतून थोडा प्रकाश येतो, आणि दमटपणा बदलला की तोही बदलतो. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं तो तुमचा एनओ. वजाबाकी चुकली तर बाकी सगळं व्यर्थ.

शहरात शून्यासाठी कोळसा आणि रसायनांच्या डब्यातून गाळलेली हवा देतात. आर्क्टिकमध्ये ही युक्ती अंगाशी येते, कारण डब्यातून आलेल्या हवेत बाहेरच्या हवेपेक्षा जास्त एनओएक्स असू शकतो. तुम्ही स्वच्छ हवेतून घाणेरडं शून्य वजा करता आणि उणे आकडे येतात. मग कुणीतरी उणे आकडे पुसून टाकतो आणि सरासरी आपोआप वर जाते. उणे आकडे कधीही पुसू नका. शून्याच्या जवळ मोजताना निम्मे आकडे उणे येणं हीच यंत्र प्रामाणिक असल्याची खूण.

योग्य पद्धत प्री-चेंबरची. मुख्य कक्षाच्या आधी एक छोटा कक्ष असतो. शून्य घेताना ओझोन तिथेच सोडायचा म्हणजे एनओ तिथेच संपतो, प्रकाश तिथेच पडतो, आणि मुख्य कक्षात पोचते तीच बाहेरची हवा, तोच दमटपणा, तोच ओझोन, फक्त एनओशिवाय. दर काही मिनिटांनी हे आपोआप व्हावं असं वेळापत्रक लावा. वेळ जातो म्हणून शून्याची वेळ कापायची नाही. मी तर म्हणेन, यंत्राचा पाव भाग वेळ शून्यात गेला तरी चालेल.

एनओ-टूच्या कन्व्हर्टरचं शून्य वेगळं काढायचं. एलईडी लागल्यावर कन्व्हर्टरची भिंतसुद्धा थोडा एनओ सोडते. त्यासाठी मात्र शक्य तितकी शुद्ध हवा लागते, सिलिंडरची कृत्रिम हवा, आणि ती तिथे बोटीने आधी पोचलेली असावी लागते. विमानातून दाबाचे सिलिंडर नेण्याच्या भरवशावर राहू नका.

निसर्ग मात्र एक शून्य फुकट देतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नी-ओलेसुंडला सूर्य उगवत नाही. ऊन नाही म्हणजे एनओ-टू फुटत नाही, नवा एनओ तयार होत नाही, आणि असलेला एनओ ओझोन दीड-दोन मिनिटांत संपवत जातो. डिसेंबरच्या काळोखात, गावाच्या विरुद्ध दिशेने वारा असताना एनओ शून्यच असला पाहिजे. यंत्र 6 पीपीटी दाखवत असेल तर ते 6 तुमचे, हवेचे नाहीत. डिसेंबर 2023 पासून हिमाद्रीवर हिवाळ्यातही भारतीय तुकडी राहू लागली आहे, तेव्हा ही संधी आता आपल्यालाही आहे. फक्त उन्हाळ्यात जाणाऱ्यांना हे शून्य मिळत नाही; उन्हाळ्यात रात्र नसतेच.

याच काळोखात एकदा फोन खणखणला, "ताई, एनओ वाढलाय, आठशे!" मी विचारलं, बाहेर कुणी आलंय का? पोरगा दार उघडून बघून आला. जेवण घेऊन आलेली स्कूटर दारातच चालू ठेवलेली होती. अंधारातला एनओ म्हणजे शेजारी काहीतरी जळतंय. तो ओझोनच्या तावडीतून सुटून फार लांबून येऊच शकत नाही. या नियमावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

कॅलिब्रेशनचं एवढंच: 1 पीपीएम एनओचा सिलिंडर, त्यातले मिनिटाला 5 घनसेंटिमीटर 5 लिटर शुद्ध हवेत मिसळले की 1 पीपीबी. रेग्युलेटर स्टेनलेस स्टीलचा, आणि जोडल्यावर पुन्हा पुन्हा भरून-सोडून आतली हवा घालवा, नाहीतर आतच एनओचा एनओ-टू होऊन बसतो. मग त्याच एनओत मोजून ओझोन सोडला की माहीत असलेल्या प्रमाणात एनओ-टू मिळतो, त्यावर कन्व्हर्टरची क्षमता ठरवा. प्रमाणित वायू यंत्राच्या मागे देऊ नका, बाहेर नळीच्या तोंडाशी द्या. नळीचं पाप तेव्हाच दिसतं.

आकडे खरे की खोटे

ऊन असताना एनओ आणि एनओ-टूचं प्रमाण मनाला येईल तसं नसतं. एनओ-टू उन्हात फुटण्याचा वेग आणि एनओ ओझोनला भेटण्याचा वेग यांच्या भागाकाराने ते ठरतं. मे महिन्यातला एक दिवस घ्या: ओझोन 40 पीपीबी, तापमान उणे 13, फुटण्याचा वेग सेकंदाला 0.005. या तापमानाला ओझोनशी होणारा वेग सेकंदाला 0.0105 भरतो. भागाकार अर्धा. एनओ 10 पीपीटी असेल तर एनओ-टू 20 च्या आसपास यावा. बर्फावरून परत येणाऱ्या प्रकाशाने फुटण्याचा वेग वाढतो, पेरॉक्सी मूलकं आणि ब्रोमीन ऑक्साइड एनओला एनओ-टूकडे ढकलतात, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पण भर दुपारी एनओ 10 आणि एनओ-टू 100 येत असेल तर हवेत काही नवीन सापडलेलं नाही, कन्व्हर्टरमध्ये पॅन फुटतोय.

मिनिटाची सरासरी साठवू नका, 10 सेकंदांचा कच्चा डेटा साठवा. स्कूटरचा शिखर-आकडा 20 सेकंदांचा असतो, मिनिटाच्या सरासरीत तो फुगवटा होऊन खरा वाटायला लागतो. आणि सरासरीऐवजी मध्यक वापरा.

वसंतात एक गंमत दिसते. सूर्य परतल्यावर समुद्राच्या गोठलेल्या भागांवरून ब्रोमीन उठतं आणि काही तासांत जमिनीलगतचा ओझोन जवळपास संपवून टाकतं. कॅनडातल्या ॲलर्ट केंद्रावर 1980 च्या दशकात हे नीट उलगडलं. ब्रोमीन एनओ-टूलाही धरतं आणि कणांवर नेऊन नायट्रिक आम्ल करून टाकतं. अशा दिवशी ओझोन 2 पीपीबी दिसला म्हणून ओझोनमापक उघडून बसू नका. पण अशा दिवशी वरचं गणितही चालत नाही, ते लक्षात ठेवा.

पॅन

लॉस एंजेलिसच्या धुरक्यात 1950 च्या दशकात सापडलेलं हे रसायन ध्रुवाशी काय नातं सांगतं? 1981 साली हनवंत सिंग आणि फिलिप हॅन्स्ट यांनी मांडलं की स्वच्छ हवेतही पॅन हा एनओएक्सचा मोठा साठा असावा. थंडीत तो फुटत नाही, दूरवर वाहून जातो आणि ऊब मिळाली की एनओ-टू सोडतो. 1988 च्या उन्हाळ्यात नासाचं इलेक्ट्रा विमान अलास्कावर उडालं, 1990 मध्ये कॅनडावर. त्या मोहिमांत पॅन एनओवायमधला मोठा वाटेकरी ठरला, आणि एकेक रसायन मोजून केलेली बेरीज एकूण एनओवायपेक्षा कमी भरली. ती तफावत पुढे बरीच वर्षं लोकांना छळत राहिली. तुमच्याही बेरजेत ती येईल. लपवू नका, आलेखात स्वतंत्र रंगाने दाखवा.

पॅन मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ आणि इलेक्ट्रॉन-कॅप्चर डिटेक्टर. क्रोमॅटोग्राफमधला स्तंभ (रसायनं वेगळी करणारी नळी) थंड ठेवा, 15 अंशांच्या आसपास, नाहीतर पॅन स्तंभातच फुटतो. डिटेक्टरमध्ये निकेल-63 असतो, किरणोत्सारी. आपल्याकडची परवानगी वेगळी, नॉर्वेची वेगळी. काही महिने आधी अर्ज करा. हे जमत नसेल तर पॅन सोडा, एनओवाय आणि एनओएक्स नीट मोजा. अर्धवट पॅनपेक्षा ते बरं.

पायाखालचा बर्फ

1990 च्या दशकापर्यंत बर्फ म्हणजे नायट्रेटचं अंतिम ठिकाण असं मानत. 1998 च्या उन्हाळ्यात ग्रीनलँडच्या समिट केंद्रावर रिचर्ड ऑनरॅथ आणि सहकाऱ्यांनी बर्फाच्या फटींतली हवा ओढून मोजली, तर तिच्यात वरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त एनओएक्स. 300 नॅनोमीटरच्या आसपासचं ऊन बर्फातल्या नायट्रेटला फोडून एनओ-टू बाहेर काढतं. म्हणजे तुमच्या नळीखालचा बर्फही एक स्रोत आहे. नळी बर्फापासून किती उंचीवर आहे ते रोज मोजा, कारण बर्फ साचला की उंची बदलते. जमलं तर दोन उंचींवर आलटून पालटून मोजा. आणि एक साधा प्रयोग करून बघा: उन्हात बर्फाच्या आतली हवा अगदी हळू ओढत मोजा, मग वर काळी ताडपत्री धरा. एनओएक्स उतरताना डोळ्यांसमोर दिसतो.

नमुने घेताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला तोंड करून उभं राहायचं आणि वरचा सेंटिमीटरभर थर खरवडायचा. निळे नायट्राइलचे हातमोजे वापरू नका, त्यांतून नायट्रेट सुटतं. पॉलिथिनचे वापरा. बाटल्या अतिशुद्ध पाण्याने धुऊन त्याच पाण्याने भरून न्या, काही तशाच, बर्फ न भरता, तुलनेसाठी ब्लँक म्हणून परत आणा. तिकडच्या बर्फात नायट्रेट लिटरमागे काही मायक्रोमोल असतं, आणि 1 मायक्रोमोल म्हणजे लिटरमागे 62 मायक्रोग्रॅम. हातमोज्याच्या एका बोटाने ते दुप्पट होऊ शकतं. नमुने उणे 20 वर आणि काळोखात. प्रकाशात ठेवलेत तर जी प्रक्रिया बाहेर अभ्यासायची ती फ्रीजरच्या काचेच्या दारामागे घडेल.

जाता आलं नाही तर

प्रत्येकाला जाता येत नाही, आणि जायलाच हवं असंही नाही. नॉर्वेच्या निलू संस्थेच्या ईबास संग्रहात झेपेलिनसह अनेक उत्तरी केंद्रांचा डेटा मोफत आहे. फाइल उघडली की आधी वरच्या ओळी वाचा: कन्व्हर्टर कुठला, नळी कुठली, एकक कुठलं. नायट्रोजनचे मायक्रोग्रॅम आणि पूर्ण रेणूचे मायक्रोग्रॅम यांत फरक असतो, नायट्रेटच्या बाबतीत 62 भागिले 14, म्हणजे जवळजवळ साडेचारपट. 999 सारखे आकडे हवेचे नाहीत, डेटा नसल्याची खूण आहे. प्रत्येक आकड्याशेजारचा झेंड्याचा रकाना काढून टाकू नका. हवा कुठून आली ते पाहायला हिस्प्लिट या संगणकी मॉडेलने हवेचे मागचे मार्ग काढा, पाच ते दहा दिवसांचे. हिवाळ्यात ते बहुतेक युरोप-सायबेरियाकडून येताना दिसतील, उन्हाळ्यात कधी कधी जंगलातल्या वणव्यांवरून.

स्वतःचा डेटा देणार असाल तर वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा. साडेपाच तासांचा घोळ दिवस-रात्र नसलेल्या ठिकाणी पटकन लक्षातही येत नाही. आणि अंतिम आकड्यांबरोबर कच्चे काउंट (यंत्राने मोजलेले प्रकाशाचे ठोके), शून्याचे काउंट आणि कॅलिब्रेशनच्या तारखा याच फाइलमध्ये द्या, वेगळ्या एक्सेलमध्ये नको. वेगळं एक्सेल ज्याच्या लॅपटॉपवर असतं तो माणूस दोन वर्षांत नोकरी बदलतो.